अंगाला सोसेल तेच चिलखत

भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याला कापडाकडे साध्या नजरेने पाहता येत नाही. लग्नसमारंभात एखाद्या झुळझुळीत साडीचे कौतुक चाललेले असते आणि माझ्या मनात मात्र हा धागा सुती की कृत्रिम, हा प्रश्न आधी उभा राहतो. सुती कपडा पेट घेतो आणि जळून राख होतो. नायलॉन, पॉलिएस्टर वितळते आणि कातडीला चिकटते. ते चिकटलेले कापड चिमट्याने सोडवण्याचे काम ज्याने केले आहे, त्याला असला प्रश्न पडणे स्वाभाविकच म्हणायला हवे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादकांचा निरोप आला, तेव्हा मधुमेह, रक्तदाब या आपल्या नेहमीच्या विषयांना विश्रांती देऊन कापडाविषयीच लिहावे असे ठरवले. विषय जरा अनोळखी वाटेल. मोटारशर्यतीतील चालकाचा अग्निरोधक पोशाख हलका आणि सुखकर असावा, की जाड आणि भक्कम, हा तो प्रश्न. वरवर पाहता तो हौशी तरुणांचा आणि दुकानदारांचा आहे. माझ्या मते तो आपला, डॉक्टरांचा आहे. याविषयीचे माझे मत माझ्याच एका चुकीतून बदलले, म्हणून ते मांडण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजतो.

एक सल्ला आणि त्याचा परिणाम

११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवर धावणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. सुमारे २.८३ किलोमीटरचा तो मार्ग नेकलेस रोडच्या परिसरातून आखलेला होता आणि फ्रान्सचा झाँ-एरिक व्हर्न पहिला आला. एरवी ज्या रस्त्यावर आपण संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो, तेथे त्या गाड्या धावताना पाहून शहरातील कित्येक मुलांची झोप उडाली. आपल्याच मंडळातील एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यांचा मुलगा त्यांपैकी एक. पुढच्या वर्षीची शर्यत जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. मुलाचे वेड मात्र रद्द झाले नाही. त्याने आधी गो-कार्टिंगमध्ये हात साफ केला होता. अखेर वडिलांनी त्याला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर खऱ्या शर्यतीच्या मोटारीचे प्रशिक्षण घेण्याची परवानगी दिली. वडिलांची एकच अट होती. सूट कोणता घ्यायचा हे मी ठरवायचे.

मुलगा दोन-तीन माहितीपुस्तके घेऊन घरी आला. "काका, ह्यांतला कोणता घेऊ?" म्हणून त्याने विचारले. माझ्या डोळ्यांसमोर कक्षातील चेहरे तरळत होते. मी सर्वांत जाड, तीन थरांच्या सुटावर बोट ठेवले. त्याचे वजन किती, त्यातून हवा किती खेळते, घाम वाळतो की नाही, यांतले एकही मी विचारले नाही. "थोडं उकडेल, पण जीव महत्त्वाचा," असे वडीलकीचे वाक्यही वर ऐकवले.

पुढे मे महिन्यातल्या एका सरावात, पंचवीसेक मिनिटे गाडी चालवून तो उतरला आणि दोन पावलांत अडखळला. त्याला उलटी झाली, नाव विचारले तर उत्तर धड येईना. सुदैवाने तेथील वैद्यकीय पथक सावध होते. त्यांनी सूट उतरवला, बर्फाने आणि पंख्याने अंग निववले, शिरेतून सलाईन दिले आणि तासाभरात तो ताळ्यावर आला. रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त एक गोष्ट सांगितली. सूट उघडला तेव्हा आत व्यायामशाळेत घालतात तसला पॉलिएस्टरचा साधा टी-शर्ट निघाला होता. अग्निरोधक अंतर्वस्त्रे हॉटेलच्या खोलीत घडी करून ठेवलेली होती.

काही दिवसांनी मी मुलाला विचारले. तो म्हणाला, "काका, त्या सुटाखाली आणखी एक थर घालवेना हो. मग आतला काढून टाकला."

म्हणजे आगीच्या भीतीने मी त्याला जो पोशाख दिला, त्याने त्याला उष्माघाताच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवले. शिवाय आग लागलीच असती, तर कातडीलगत वितळणारे कापड ठेवून त्याने आगीलाही वाट करून दिली होती. माझ्या सल्ल्याने मुलगा दोन्हीकडून नागवला गेला होता.

साठ वर्षांपूर्वीची एक घटना

या प्रसंगानंतर मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो आणि पहिल्याच पायरीवर मला माझीच चूक भेटली. अमेरिकेत फायरबॉल रॉबर्ट्स नावाचा नामवंत चालक होता. हे टोपणनाव बेसबॉलमधील वेगवान चेंडूफेकीमुळे पडलेले, आगीशी त्याचा संबंध नव्हता. त्या काळी अग्निरोधक कापड म्हणजे साध्या सुती कपड्यांना रसायनाच्या द्रावणात बुडवून वाळवलेले कापड. रॉबर्ट्सला दम्याचा त्रास होता आणि त्या रसायनाने तो वाढे, म्हणून तो असे कपडे वापरत नसे, असे सांगितले जाते. २४ मे १९६४ रोजी शार्लट येथील शर्यतीत त्याची गाडी उलटून पेटली. तो भयंकर भाजला आणि ३९ दिवसांनी, २ जुलै रोजी, रुग्णालयात मरण पावला.

संरक्षक कापड उपलब्ध होते, ते माणसाला सोसत नव्हते, म्हणून ते अंगावर नव्हते. वैद्यकीय भाषेत बोलायचे तर औषध गुणकारी होते, पण रुग्णाला मानवत नव्हते. अशा वेळी आपण रुग्णाला हेकट म्हणून मोकळे होतो, की औषध बदलतो?

मोटारशर्यतीच्या जगाने औषध बदलले. ड्यूपॉन्टने साठच्या दशकात विकसित केलेला नोमेक्स हा धागा १९६७ च्या सुमारास शर्यतीत आला. त्याचा अग्निरोध वरून चोपडलेल्या रसायनात नसून धाग्याच्या रेणूरचनेतच असतो, त्यामुळे तो धुण्याने जात नाही. ज्वालेत हा धागा वितळत नाही, टपकत नाही. तो फुगतो, त्याचा कोळसा होतो आणि तो कोळशाचा थरच आतल्या कातडीला आडोसा देतो. पूर्वीच्या कपड्यांपेक्षा तो अंगावर सुसह्यही होता. पुढे सूट बनवणाऱ्या बिल सिम्प्सन याने स्वतः सूट घालून अंगाला आग लावून घेत त्याचे प्रात्यक्षिक केले. जाहिरातबाजी म्हणून आपण त्याला नावे ठेवू शकतो, परंतु चालकांचा विश्वास बसला हे खरे.

अलीकडचे उदाहरण २९ नोव्हेंबर २०२० चे. बहरीनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली, तिचे दोन तुकडे झाले आणि ज्वालांचा लोळ उठला. चौकशी अहवालाप्रमाणे २७ सेकंदांनी तो त्या आगीतून स्वतःच्या पायांनी बाहेर पडला. डॉ. इयान रॉबर्ट्स हे शर्यतीचे डॉक्टर त्याला हात द्यायला ज्वालांपर्यंत पोहोचले होते. धड, पाय आणि चेहरा बचावला; मुख्यतः भाजले ते दोन्ही हातांचे मागचे भाग. हातमोजे इतर पोशाखापेक्षा पातळ असतात, कारण बोटांना चक्राची जाण राहावी लागते. सुखसोयीची किंमत असते हे येथे दिसते आणि ते मी लपवू इच्छित नाही. पातळ म्हणजे चांगले असा माझा दावा मुळीच नाही. संरक्षणाची जी किमान रेषा आहे तिच्या खाली न जाता, जे सर्वांत हलके आणि सुसह्य असेल ते निवडावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

जाडीने संरक्षण मोजता येत नाही

ही किमान रेषा कशी ठरते? जागतिक मोटारक्रीडा महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, ८८५६-२०१८ हे चालकांच्या पोशाखाचे मानक आहे. कापडाच्या बाहेरच्या बाजूस ठरावीक तीव्रतेची ज्योत लावतात आणि आतल्या बाजूचे तापमान २४ अंशांनी वाढायला किती सेकंद लागतात ते मोजतात. संपूर्ण सुटासाठी ही वेळ किमान १२ सेकंद असावी लागते. येथे मोजले जाते ते सेकंदांत. थर किती, कापड किती जाड, हे नव्हे. उत्तम विणीचा हलका सूट ही परीक्षा पार करतो आणि स्वस्तातला जाडजूड सूट तिच्यात नापास होऊ शकतो. आजचे सर्वांत हलके प्रमाणित सूट एक किलोहूनही कमी वजनाचे असतात.

अमेरिकेत एसएफआय ३.२ए हे दुसरे मानक प्रचलित आहे. त्यात दुसऱ्या अंशाचे भाजणे सुरू होईपर्यंतचा अवधी धरतात. ३.२ए/१ या पातळीच्या सुटात तो सुमारे ३ सेकंद, ३.२ए/५ मध्ये १० सेकंद आणि ३.२ए/२० मध्ये ४० सेकंद असतो. मग सर्वांनी शेवटचाच सूट का घालू नये? तो घालणारे चालक सरळ रेषेतल्या टॉप फ्युएल ड्रॅग शर्यतीतले. त्यांच्या गाडीत अतिज्वालाग्राही नायट्रोमिथेन इंधन असते आणि त्यांची शर्यत चार सेकंदांच्या आत संपते. चार सेकंद कोणालाही काहीही सोसते. फॉर्म्युला वनचा चालक मात्र दीड-दोन तास त्याच कोंदट पिंजऱ्यात बसलेला असतो. औषधाची मात्रा रुग्णाचे वजन आणि उपचाराचा अवधी पाहून ठरवतात, तसाच हा हिशेब आहे. सर्वांत मोठी मात्रा ही सर्वांत चांगली मात्रा नसते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आत पेटलेली दुसरी आग

आग क्वचित लागते. उष्णता मात्र प्रत्येक फेरीत असते. अग्निरोधक पोशाख बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तशीच आतलीही सहजी बाहेर जाऊ देत नाही. एक लिटर घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी तो वाळावा लागतो. कापडात मुरलेला घाम केवळ पाणी कमी करतो, थंडावा देत नाही. चेन्नईसारख्या दमट हवेत तर हे संकट दुप्पट होते. दमट हवेतल्या लांब शर्यतीत चालकाचे दोन-तीन किलो वजन घामावाटे जाऊ शकते. सत्तर किलोच्या तरुणाचे दीड किलो गेले, की शरीरातील पाण्याची घट दोन टक्क्यांच्या वर जाते आणि तेथून लक्ष, निर्णय आणि प्रतिसाद यांवर परिणाम होऊ लागतो. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाचा निर्णय अर्ध्या सेकंदाने चुकला, तर ज्या आगीसाठी सूट घातला ती आग तेथेच जन्म घेते.

८ ऑक्टोबर २०२३ रोजी कतारमधील शर्यतीत हे साऱ्या जगाने पाहिले. शर्यत रात्रीची होती, तरी लोगन सार्जंटला प्रकृती बिघडून मधेच थांबावे लागले, एस्तेबान ओकोंला शिरस्त्राणातच उलटी झाली आणि इतर काही चालक गाडीतून उतरताना लडखडत होते. हे जगातील सर्वांत तंदुरुस्त चालक आणि त्यांच्या अंगावर जगातील सर्वांत हलके सूट होते. मग आपल्या हौशी मुलांचे काय होत असेल?

त्या शर्यतीनंतर एफआयएने विचार केला आणि २०२५ पासून नियम केला. उष्मा निर्देशांक ३१ अंशांवर जाईल असा अंदाज असल्यास उष्म्याचा धोका घोषित करायचा आणि गाडीत चालकाला गार ठेवणारी यंत्रणा बसवायची. तिच्यात अग्निरोधक बंडीत शिवलेल्या बारीक नळ्यांतून थंड द्रव फिरवला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीत ही घोषणा प्रथम झाली. बंडी घालणे त्या वर्षी ऐच्छिक होते आणि नळ्या आसनपट्ट्यांखाली रुततात म्हणून काही चालकांची तिच्यावर नाराजी होती. गार करणारी वस्तूसुद्धा अंगाला टोचली तर माणूस ती नको म्हणतो. तरीही चालकाचे सुख हा सुरक्षिततेचाच भाग आहे, हे नियमांच्या भाषेत मान्य झाले ही गोष्ट मला मोलाची वाटते.

हे आपण अनुभवले आहे

डॉक्टर मित्रहो, हे समजून घ्यायला आपल्याला शर्यतीच्या गाडीत बसण्याची गरज नाही. २०२० मधील पीपीई किट आठवा. वरून खालपर्यंत हवा न खेळणारे आवरण, आत घामाच्या धारा, चष्म्यावर वाफ आणि सहा-सहा तास पाण्याचा घोट नाही. त्या पोशाखाने आपल्यापैकी अनेकांना वाचवले, याविषयी शंका नाही. परंतु सर्वाधिक चुका कधी होत? पाळी संपल्यावर, किट उतरवताना. गुदमरलेला, थकलेला माणूस घाईघाईने मुखपट्टी ओढत असे, चेहऱ्याला हात लावत असे. कपडा भक्कम होता. थकवा त्याला भोक पाडत होता.

शिशाच्या एप्रनचेही तसेच. किरणांखाली शस्त्रक्रिया करणारे आपले अस्थिरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ स्नेही पाठदुखीने वाकले आहेत. गळ्याभोवतीचा शिशाचा पट्टा किती शस्त्रक्रियागृहांत खुंटीला लटकलेला असतो, हे मी सांगायला नको. हलके एप्रन आल्यावर तेच लोक तक्रार न करता ते घालू लागले. त्यांना शिस्त नव्हती आणि ती एकाएकी आली, असे काही घडलेले नाही. वस्तू सोसण्याजोगी झाली, एवढेच.

निवड करताना

आता उपयोगाचे चार शब्द. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी, भाचा या खेळात असेल तर ते कामी येतील.

पहिली गोष्ट, आधी प्रमाणपत्र पाहावे, मग वजन. सुटावर मानकाचा क्रमांक असलेली खूण असते आणि एफआयए मान्य पोशाखांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतल्यांपैकी ऐपतीप्रमाणे सर्वांत हलका व हवा खेळणारा सूट घ्यावा. यादीबाहेरचा कितीही हलका असला तरी तो आपल्या विचारातच येऊ नये.

दुसरी, गो-कार्टचा सूट आणि मोटारीचा सूट यांत गल्लत करू नये. गो-कार्टला आसनपट्टे नसतात. अपघातात चालक बाहेर फेकला जाऊन रस्त्यावर घासला जातो, म्हणून त्याचा सूट घर्षण सोसणारा असतो. आग सोसण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. मोटारीतला चालक पट्ट्यांनी जखडलेला असतो, त्याला भय आगीचे. दोन्ही सूट दिसायला सारखे असल्याने कार्टचाच सूट मोटारीत वापरण्याचा मोह अनेक पालकांना होतो.

तिसरी, आतला थर हा पोशाखाचा भागच समजावा. लांब बाह्यांचा शर्ट, विजार, मोजे आणि डोके-मान झाकणारी टोपी हे सारे प्रमाणित अग्निरोधकच हवे. सुटाच्या तिसऱ्या थरावर पैसे घालण्याऐवजी दोन थरांचा चांगला सूट आणि उत्तम अंतर्वस्त्रे घ्यावीत, असे मी आता सांगतो. २०२२ मध्ये एफआयएने अंतर्वस्त्रे आणि दागिने यांविषयीच्या नियमांची आठवण करून दिली, तेव्हा सेबॅस्टियन फेटेलने मायामीत सुटावरून चड्डी घालून त्याची थट्टा केली होती. थट्टेत मजा होती, पण नियम शहाणपणाचा होता.

चौथी, माप आरशासमोर उभे राहून घेऊ नये, गाडीच्या आसनात बसून घ्यावे. उभे असता नीट बसणारा सूट बसल्यावर खांद्याशी आवळतो आणि मनगटापासून वर सरकतो. अंगाला घट्ट चिकटलेला सूट संरक्षणही कमी करतो, कारण थरांमधील हवा हीच अर्धी ढाल असते. बाही हातमोज्याच्या आत-बाहेर नीट झाकली जाते का तेही पाहावे. खांद्यावरच्या पट्ट्या शोभेच्या नसतात. बेशुद्ध चालकाला ओढून बाहेर काढण्यासाठी त्या असतात, म्हणून त्या उसवू नयेत.

पाचवी, प्रायोजकांची नावे आणि बिल्ले शिवताना टाका सर्व थरांतून आरपार जाऊ देऊ नये. तो फक्त बाहेरच्या थरात असावा आणि धागा अग्निरोधक असावा. तेलाचे, इंधनाचे डाग पडलेला सूट न धुता घालणे म्हणजे वात पाजळून ठेवणेच होय.

सहावी आणि आपल्या हवामानात अत्यंत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अंगाला सवय करणे. उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. नवा सूट पहिल्यांदा शर्यतीच्या दिवशी घालू नये. गाडीत बसेपर्यंत सावलीत थांबावे, सूट कमरेपर्यंत मोकळा ठेवावा, आणि सरावाआधी व नंतर वजन करून गेलेले पाणी भरून काढावे.

काही आक्षेप

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हे ऐकून विचारले, "तुम्ही भाजलेल्यांवर उपचार करणारे, तुम्हीच पातळ कपड्याची वकिली करता?" त्यांच्या प्रश्नातील काळजी मला समजते, कारण कालपर्यंत ती माझीच होती. आगीच्या एका दिवशी जाड सूट काही सेकंद अधिक देईल, हे मी नाकारत नाही. परंतु ते सेकंद तेव्हाच मिळतात, जेव्हा सूट पूर्णपणे, सर्व थरांसह, साखळी गळ्यापर्यंत ओढून अंगावर असतो. उकाड्याने गळ्याशी उघडा टाकलेला जाड सूट हा कागदावरचा आकडा आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा श्रीमंतांचा खेळ. मंडळाच्या स्मरणिकेत त्याला पाने कशाला? खेळ खर्चिक आहे हे मान्य. पण ट्रॅकच्या कडेला उभे राहणारे स्वयंसेवक श्रीमंत नसतात. १९७३ मध्ये झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली हा दुसरा चालक आपली शर्यत सोडून एकटा ती विझवू पाहत होता आणि जवळच्या कर्मचाऱ्यांच्या अंगावर अग्निरोधक पोशाख नसल्याने त्यांना पुढे जाता येत नव्हते. विल्यमसन गाडीतच गेला. आपल्याकडे अशा शर्यतींत मार्शल म्हणून महाविद्यालयीन मुले दिवसभर उन्हात उभी असतात. त्यांना कोणता पोशाख द्यावा हाही याच प्रश्नाचा भाग आहे आणि त्यांनी तो दुपारी दोन वाजताही अंगावर ठेवावा असे वाटत असेल, तर तो हलकाच हवा.

आपण काय करावे

आपल्यापैकी काहीजण अशा स्पर्धांना वैद्यकीय सेवा देतात. त्यांना माझी विनंती आहे, की रुग्णवाहिकेशेजारी खुर्ची टाकून अपघाताची वाट पाहण्यापुरते आपले काम मानू नये. गाडीची तपासणी होते तेव्हा पोशाखाचीही व्हावी, आणि केवळ वरचा सूट नव्हे तर आतला थरही पाहिला जावा, असा आग्रह डॉक्टरांनी धरावा. उष्मा वाढला असता सरावाची वेळ कमी करण्याचा अधिकार मागावा. चालकांची वजने नोंदवावीत. आणि एखादा मुलगा अंतर्वस्त्रे घालून आला नसेल, तर रागावण्यापूर्वी त्याला एकच प्रश्न विचारावा: "का घातली नाहीस?" मी तो प्रश्न वेळेवर विचारला नव्हता.

आमच्या त्या मुलाने पुढे दोन थरांचा, प्रमाणित, हलका सूट घेतला. या वेळी तो गाडीच्या आसनात बसून मापला गेला. पहिल्या सरावानंतर त्याने फोन केला. मी आधी आतल्या शर्टाची चौकशी केली. तो हसून म्हणाला, "घातलाय काका. आता काढावासा वाटत नाही."

जुना जाड सूट त्याच्या वडिलांनी मला आणून दिला आहे. तो माझ्या तपासणीच्या खोलीत दाराआड टांगलेला आहे. एखाद्या रुग्णाला कठीण पथ्य सांगण्याच्या बेतात असतो, तेव्हा कधीकधी माझी नजर तिकडे जाते, आणि हे याला पेलवेल का, असे मी आधी त्यालाच विचारतो.